दिवा मंद करणाऱ्या डिमरसाठी झटला, पण त्याच्या कबरीवर ६५ वर्षं साधं नावही नव्हतं

घरातलं जुनं खटक्याचं बटण काढून त्या जागी डिमर बसवायची सध्या चांगलीच हौस आहे. हॉलमध्ये सिनेमा बघताना उजेड कमी, पाहुणे आले की पूर्ण. बोट फिरवलं की काम झालं.

या डिमरबद्दल फेब्रुवारी महिन्यात एक पोस्ट हमखास फिरते. अमेरिकेत तो कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. पोस्टमध्ये मिशीवाल्या, रुबाबदार माणसाचा जुना फोटो असतो आणि खाली लिहिलेलं असतं की डिमर, रेल्वेचा तिसरा रूळ, एअर ब्रेक, सगळं यानेच शोधलं.

फोटोतला माणूस खरा आहे. नाव ग्रॅनव्हिल वूड्स. पोस्टमधल्या निम्म्या गोष्टी मात्र फुगवलेल्या आहेत. गंमत म्हणजे त्याची खरी गोष्ट या पोस्टपेक्षा जास्त भारी आहे.

वूड्सचा जन्म २३ एप्रिल १८५६ चा. बहुतेक ठिकाणी जन्मगाव म्हणून ओहायो राज्यातलं कोलंबस दिलेलं असतं. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये, म्हणजे तेव्हा हा पोरगा नऊ वर्षांचा. शाळा लवकरच सुटली आणि हातात पाना आला. यंत्रांच्या कारखान्यात उमेदवारी केली, मग रेल्वेत काम केलं, पुढे जहाजावर इंजिनियर म्हणूनही राबला. वीज आणि यंत्रं या विषयांवर मिळेल ते वाचत तो शिकत गेला. काम येत होतं, पण कातडीचा रंग बघून बढती अडायची. शेवटी सिनसिनाटी शहरात स्वतःचंच दुकान थाटायचं त्याने ठरवलं.

१८८४ मध्ये पहिलं पेटंट मिळालं, वाफेच्या बॉयलरच्या भट्टीचं. पुढच्याच वर्षी त्याने एकाच तारेवरून तारही जाईल आणि बोलताही येईल अशी यंत्रणा मांडली. ती अमेरिकन बेल टेलिफोन कंपनीने विकत घेतली.

मग आलं १८८७ चं पेटंट, ज्याने त्याचं नाव झालं. त्या काळी एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या येणं नवं नव्हतं, कारण धावत्या गाडीला निरोप पोचवायची सोयच नव्हती. वूड्सने रुळालगतच्या तारा आणि गाडीतली तारेची वेटोळी यांच्यात, एकमेकांना स्पर्श न होता, विजेच्या प्रवर्तनाने संदेश पाठवायची पद्धत बसवली. याच कल्पनेवर लुशियस फेल्प्स नावाचा संशोधकही काम करत होता आणि खुद्द एडिसनही. आधी कोणाला सुचलं यावर फेल्प्सशी पेटंट कार्यालयात वाद झाला आणि निकाल वूड्सच्या बाजूने लागला. पेपरवाले त्याला काळा एडिसन म्हणू लागले ते याच सुमारास.

पण पेटंट मिळालं म्हणजे पैसा मिळाला असं नसतं. शोध बाजारात आणायला भांडवल लागतं, आणि कृष्णवर्णीय माणसाला ते कोण देणार? त्यामुळे वूड्स शोध लावायचा आणि हक्क विकायचा. १८९० च्या सुमारास तो न्यूयॉर्कला आला तो मोठ्या भांडवलाच्या जवळ जायला.

तिथे त्याला चटका बसला. १८९२ मध्ये कोनी आयलंड इथे त्याच्या पद्धतीची विजेची गाडी चालवून दाखवण्यात आली. डोक्यावर तारांचं जाळं नाही. रुळांच्या मध्ये ठरावीक अंतरावर विजेचे ठोकळे, आणि गाडी वर आली की तेवढ्याच ठोकळ्यात वीज. म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्याला शॉक बसायची भीती कमी. पण ज्या कंपनीसोबत हे केलं तिच्याशी पैशांवरून आणि हक्कांवरून फाटलं. कंपनी आपला शोध लाटतेय असं वूड्सने छापून जाहीर केलं. त्यावर बदनामीचा खटला पडला. जामिनाचे पैसे नव्हते, म्हणून ज्याचा शोध तोच न्यूयॉर्कच्या टूम्ब्स तुरुंगात जाऊन बसला. पुढे तो निर्दोष सुटला, पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही गेले.

आता डिमरकडे येऊ.

वूड्सने डिमर शोधला हे बरोबर नाही. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात १८८१ मध्येच विजेचे दिवे आले आणि रंगमंचावरचे दिवे कमीजास्तही करता येत होते. अडचण होती पद्धतीत. दिव्याच्या वाटेत मोठा रोध घालायचा, म्हणजे विजेची वाट अडवायची. दिवा मंद व्हायचा खरा, पण अडवलेली वीज त्या रोधात उष्णता होऊन जळायची. गाडीचा अॅक्सिलरेटर दाबलेलाच ठेवून ब्रेकवर वेग कमी करण्यासारखा हा प्रकार. काही थिएटरांत तर मिठाच्या पाण्याच्या बरण्यांत धातूच्या पट्ट्या खालीवर करून दिवे मंद करत. एका बाजूला लाकूड, कापडी पडदे आणि रंग, दुसऱ्या बाजूला तापलेली उपकरणं. आगीला आमंत्रणच.

१८९६ मध्ये वूड्सने पेटंट घेतलं ते यावरच्या उपायाचं. रोध तापवत बसण्यापेक्षा वेगळं डायनामो यंत्र वापरून दिव्यांना मिळणारा विजेचा दाबच कमीजास्त करायचा. वीज वाचते आणि तापण्याचा धोका कमी होतो. पहिला डिमर नसेल, पण जास्तीची वीज जाळून टाकणं मूर्खपणाचं आहे हे त्याने नेमकं पकडलं.

हा प्रश्न आपल्याकडेही अनेकांनी हाताने चाचपलाय. जुन्या घरांतला पंख्याचा तो ठोकळेबाज रेग्युलेटर आठवा. पंखा एकवर ठेवला की रेग्युलेटर गरम! आत तोच रोध, तीच उष्णता.

भिंतीतल्या छोट्या खोक्यात मावणारा डिमर यायला मात्र १९५९ उजाडलं. अमेरिकेच्या जोएल स्पिरा याने इलेक्ट्रॉनिक पद्धत आणली आणि १९६१ मध्ये ल्यूट्रॉन कंपनी काढली. हा डिमर वीज अडवत नाही, तर फार वेगाने बंद-चालू करतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेत सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला ते दिसत नाही, फक्त उजेड कमी वाटतो.

म्हणूनच जुनं बटण काढून डिमर लावताना काही गोष्टी बघाव्याच लागतात. एलईडी बल्बच्या खोक्यावर डिमेबल लिहिलेलं हवं, नाहीतर तो फडफडतो किंवा गुणगुणतो. डिमरला किती वॅटपर्यंत चालतं हे जसं ठरलेलं असतं तसं कमीत कमी किती लागतं हेही. ६० वॅटच्या बल्बसाठीचा डिमर एका ९ वॅटच्या एलईडीवर नीट चालेलच असं नाही. जिन्यातल्या दोन बटणांच्या दिव्याला वेगळा, टू-वे डिमर लागतो. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला लावायचा जुगाड तर नकोच. आणि बोर्ड उघडण्याआधी एमसीबी पाडून टेस्टर लावून खात्री करायची. हात बसलेला नसेल तर सरळ वायरमनला बोलवा.

वूड्सची दुकानदारी पुढेही चालूच राहिली. १८९९ मध्ये करमणुकीच्या खेळाचं पेटंट, १९०० मध्ये विजेवर अंडी उबवायच्या यंत्राचं. रेल्वेचे काही हक्क जनरल इलेक्ट्रिककडे गेले, ब्रेकचे वेस्टिंगहाउसकडे. पण तिसरा रूळ किंवा एअर ब्रेक मुळात त्याचा, हे खरं नाही. एअर ब्रेक जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्येच आणला होता. वूड्सने त्यात सुधारणा केल्या, आणि कंपन्यांना त्या पैसे मोजून घ्याव्या लागल्या. ही गोष्ट काय कमी आहे?

३० जानेवारी १९१० रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयात तो गेला. वय अवघं ५३. नावावर पन्नासच्या आसपास पेटंटं, हातात जवळपास काहीच नाही. क्वीन्समधल्या सेंट मायकल्स दफनभूमीत त्याला पुरलं, वर दगडही नव्हता. तो दगड बसायला १९७५ साल उजाडलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान-यादीत त्याचं नाव आलं आणि पुढे कोनी आयलंडमधल्या एका रस्त्याला ग्रॅनव्हिल टी. वूड्स वे हे नाव मिळालं.