क्षमेच्या वाटेवरील सहधर्मचारिणी : लक्ष्मीबाई टिळक

क्षमेविषयी आपण मिस्सामध्ये पुष्कळ ऐकतो. परंतु दुखावणारे माणूस आपल्याच घरचे असेल, तर क्षमा करणे किती कठीण जाते, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. अशा वेळी आम्हांला लक्ष्मीबाई टिळक यांचे स्मरण होते. त्या प्रॉटेस्टंट पंथाच्या असल्या, तरी त्यांची श्रद्धा हा अवघ्या मराठी ख्रिस्ती समाजाचा ठेवा आहे.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. बालवयातच नारायण वामन टिळकांशी विवाह झाला. पुढे टिळकांना आप्पासाहेब बुटी यांच्याकडे काम मिळाले आणि त्यांचा संसार आपल्या नागपुरात आला. लक्ष्मीबाईंनी अपत्यवियोग सोसला होता. मुलगा दत्तू हाच त्यांचा आधार होता. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने टिळकांना नवा करार भेट दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. पती हयात असूनही वियोग वाट्याला आला. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी आप्तांच्या आश्रयाने काही वर्षे काढली. त्यांनी आपला शोक दडवला नाही, रागही नाकारला नाही. पुढे त्या तेव्हाच्या अहमदनगरला पतीजवळ आल्या, तरी प्रारंभी आपले सोवळे वेगळे राखूनच. जातिभेद ईश्वराने नव्हे, तर माणसाने निर्माण केला, ही जाणीव त्यांच्या अंतःकरणात हळूहळू उमलली. १९०० साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा स्वीकारला.

९ मे १९१९ रोजी टिळक प्रभूच्या घरी गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य, शाळेची पायरीही न चढलेल्या या विधवेने पुढे नेले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी पतीचा तापट स्वभाव व स्वतःचे रुसवेफुगवे मोकळेपणाने सांगितले. मात्र त्यात कडवटपणाचा लवलेशही नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला.

क्षमा म्हणजे झालेले दुःख विसरणे नव्हे, हे त्यांचे जीवन आपणांस शिकविते. घाव आठवत असतानाही प्रेमाचे दार उघडे ठेवणे, हीच क्षमा होय. आपल्या घरांत अबोला धरून बसलेल्या प्रत्येकास प्रभू ही कृपा देवो, अशी आम्ही प्रार्थना करतो.