स्मुर्णेचे वृद्ध बिशप संत पॉलिकार्प

प्रकटीकरणाच्या पुस्तकांत ज्या सात ख्रिस्तसभांस पत्रें धाडलेलीं आहेत, त्यांपैकीं स्मुर्णा ही एक, हें वाचकांस ठाऊकच आहे. आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावरील हें ग्रीक लोकांचें शहर. आजचें तुर्कस्तानांतील इझमीर. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास लिडियाचा राजा अल्यात्तेस यानें तें धुळीस मिळविलें आणि सुमारें तीनशें वर्षें तेथील लोक खेड्यापाड्यांतून विखरून राहिले. पुढें सिकंदराच्या सरदारांनीं पागोस टेकडीपाशीं तें पुन्हां वसविलें. लासलगांवचें नांव जसें कांद्याच्या बाजारामुळें परमुलखीं पोहोंचलें, तसें स्मुर्णेचें तिच्या बंदरामुळें. मेलेलें शहर पुन्हां उठलें. आणि मरून जिवंत झालेल्या प्रभूनें नेमका त्या शहरास निरोप धाडावा, याचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटतें.

पॉलिकार्प यांचा जन्म इ. स. ६९ च्या सुमाराचा. प्रत्यक्ष संत योहानाच्या तोंडून त्यांनीं प्रभूची हकीकत ऐकिली होती, असें त्यांचे शिष्य संत इरेनियस लिहून ठेवितात. तीच हकीकत इरेनियस यांनीं पुढें फ्रान्समधील लियों शहरीं नेली. श्रद्धा हातोहात कशी पोहोंचते, हें ज्युबिलीच्या वर्षीं विशेष मनांत येतें. संत इग्नाशियस बेड्या घालून रोमकडे नेले जात असतां स्मुर्णेस थांबले होते. पुढें त्रोवसाहून त्यांनीं पॉलिकार्प यांस पत्र लिहिलें.

उतारवयांत पॉलिकार्प रोमला गेले. पास्काचा सण कोणत्या दिवशीं पाळावा, यावर पोप अनिसेतस यांच्याशीं त्यांचें एकमत झालें नाहीं. तरी पोपनीं आपल्या मंदिरांत ख्रिस्तयाग अर्पण करण्याचा मान त्यांस दिला आणि दोघे प्रेमानें निरोप घेते झाले. भाऊबंदकीच्या आमच्या मुलखांत ही गोष्ट पुन्हां पुन्हां सांगावी अशी आहे.

इ. स. १५५ च्या सुमारास छळ सुरू झाला. मंडळींच्या आग्रहावरून बिशप शेतावरील एका घरीं जाऊन राहिले. पण एका नोकरानें मारहाण सोसवेना म्हणून जागा दाखविली. शिपाई आले तेव्हां निसटून जाणें शक्य होतें, तें त्यांनीं केलें नाहीं. उलट शिपायांस जेवूं घालण्यास सांगितलें आणि स्वतः प्रार्थनेसाठीं एक तास मागून दोन तास उभे राहिले. म्हाताऱ्यास पकडण्यास आलों याचा कित्येक शिपायांस पस्तावा झाला.

क्रीडांगणांत सुभेदारानें त्यांच्या वयाची आठवण देऊन ख्रिस्तास शिव्या देण्यास सांगितलें. एका शब्दाचें काम होतें. शहाऐंशीं वर्षें ज्याची चाकरी केली आणि ज्यानें कधीं वाईट केलें नाहीं, त्या आपल्या राजाची निंदा कशी करावी, एवढेंच त्यांनीं विचारलें. खिळ्यांची गरज नाहीं, असेंही त्यांनीं सांगितलें. म्हणून त्यांस नुसतें खांबास बांधलें. ज्वाळा वाऱ्यानें भरलेल्या शिडाप्रमाणें त्यांच्याभोंवतीं उभ्या राहिल्या, असें पाहणारे सांगतात. शेवटीं खंजिरानें त्यांचा प्राण घेण्यांत आला.

ख्रिस्ती मंडळींनीं अस्थि गोळा केल्या आणि दर वर्षीं त्या दिवशीं एकत्र जमण्याचें ठरविलें, असें त्यांनींच फिलोमेलियम येथील ख्रिस्तसभेस पत्रानें कळविलें. तो सण आपण २३ फेब्रुवारीस पाळतों. १९६९ सालच्या सुधारणेपूर्वीं तो २६ जानेवारीस येत असे.