अखंड लहरींचा ध्यास घेतलेला संशोधक : रेजिनाल्ड फेसेंडेन

डिसेंबर १९०६ च्या पहिल्या आठवड्यात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मोठे वादळ आले आणि मॅक्रिहॅनिश येथील १२८ मीटर उंचीचा पोलादी मनोरा जमीनदोस्त झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रँट रॉक येथे अगदी तसाच दुसरा मनोरा उभा होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत या दोन मनोऱ्यांमधून अटलांटिक महासागराच्या आरपार बिनतारी संदेशांची दुतर्फा देवाणघेवाण झाली होती. वादळानंतर पाहणी झाली, तेव्हा मनोऱ्याला धरून ठेवणाऱ्या ताणतारांचे सांधे सदोष भरल्याचे आढळले. यंत्रातील बारीकसारीक दोष शोधण्यात ज्याची उभी हयात गेली, त्या रेजिनाल्ड फेसेंडेन यांचा महासागरी प्रयोग असा दुसऱ्याने केलेल्या निकृष्ट सांध्यांमुळे थांबला. मात्र त्याच महिन्यात ब्रँट रॉकच्या मनोऱ्यावरून जे घडले, त्यामुळे आज त्यांचे नाव रेडिओच्या इतिहासात घेतले जाते.

फेसेंडेन यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८६६ रोजी कॅनडातील क्युबेक प्रांतात ईस्ट बोल्टन या गावी झाला. वडील अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक होते. घरी पुस्तके भरपूर, पैसा मात्र बेताचा. लेनॉक्सव्हिल येथे शिक्षण झाले, पण पदवी पदरात पडली नाही. काही काळ त्यांनी बर्म्युडा बेटावर शिक्षकाची नोकरी केली. तेथेच हेलन ट्रॉट यांच्याशी त्यांचा विवाह ठरला. पुढे १८८६ मध्ये विजेचे काम शिकण्याच्या ओढीने हा तरुण न्यूयॉर्कला आला आणि थॉमस एडिसन यांच्या दाराशी जाऊन उभा राहिला. विजेचे ज्ञान जवळपास नव्हते, पण शिकण्याची तयारी अफाट होती.

पहिल्यांदा नकार मिळाला. तरीही चिकाटी न सोडल्यामुळे न्यूयॉर्कच्या रस्त्यांखाली टाकल्या जाणाऱ्या वीजवाहिन्यांची तपासणी करणाऱ्या पथकात साहाय्यकाचे काम मिळाले. वाहिनी कोठे गळते, सांधा कोठे ओलसर झाला आहे, रोधक आवरण कोठे फाटले आहे, हे मोजमाप करून ओळखायचे, असे ते काम होते. पदवी नसलेल्या या तरुणाची खरी शाळा तीच ठरली. लवकरच ते एडिसन यांच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून दाखल झाले. १८९० मध्ये आर्थिक ओढाताणीमुळे तेथील अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांत फेसेंडेनही होते. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात अध्यापन करण्याची त्यांची इच्छा होती, पण मायदेशातील ते दार उघडले नाही. मग १८९२ मध्ये पर्ड्यू आणि पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग येथील विद्यापीठात ते विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले.

त्या काळी बिनतारी संदेश म्हणजे ठिणगी. दोन धातूंच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडायची, तिच्या धक्क्याने एरिअलमध्ये लहरी उसळायच्या आणि क्षणार्धात विरून जायच्या. टिंब आणि रेघ यांच्या मोर्स लिपीसाठी एवढे पुरेसे होते. परंतु माणसाचा आवाज अशा तुटक लहरींवर स्वार होऊ शकत नाही, हे फेसेंडेन यांना उमगले. शांत पाण्यावर सतत, एकाच तालात उठणारे तरंग हवेत, म्हणजे आवाजाचे चढउतार त्यांवर उमटवता येतील. या अखंड लहरींच्या कल्पनेला त्या काळातील मातब्बरांचा विरोध होता. लहरी फेकायच्या तर चाबकाच्या फटकाऱ्यासारखा धक्का हवाच, असे जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांच्यासारख्या शास्त्रज्ञाचेही मत होते.

१९०० मध्ये फेसेंडेन अमेरिकेच्या हवामान खात्यात रुजू झाले. किनाऱ्यावरील केंद्रांतून हवामानाची माहिती बिनतारी पाठवण्याची यंत्रणा उभारणे, हे त्यांचे काम. २३ डिसेंबर १९०० रोजी मेरीलँडमधील कॉब बेटावर, पोटोमॅक नदीच्या काठी, त्यांनी सेकंदाला सुमारे १० हजार ठिणग्या पाडणारे यंत्र वापरले आणि सुमारे दीड किलोमीटरवरील सहकाऱ्याला आवाजातून प्रश्न विचारला. तिकडे हिमवर्षाव होत आहे का, असा तो साधा प्रश्न होता. खरखर कानठळ्या बसवणारी होती, तरी शब्द कळले आणि उत्तर तारेने परत आले. आवाज जातो हे सिद्ध झाले. खरखरीचे मूळ ठिणगीतच आहे हेही सिद्ध झाले.

याच काळात एका बिघाडाने त्यांना मोठी देणगी दिली. लहरी ओळखण्यासाठी ते अतिशय बारीक प्लॅटिनमची तार वापरत आणि तिच्यावरील चांदीचे आवरण आम्लात विरघळवत. एक तार आम्लात जास्त वेळ राहिली आणि तुटली. ती टाकून देण्याऐवजी फेसेंडेन यांनी तिचे वर्तन तपासले, तर तुटलेले टोक आम्लाला जेमतेम टेकलेले असताना इतर तारांपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील ठरत होते. त्यातून द्रव-शोधक तयार झाला. पुढे स्फटिक आणि निर्वात नळ्या येईपर्यंत त्याचा मोठा बोलबाला होता. मात्र शोधाची किंमत वाढताच मालकीचा प्रश्न उभा राहिला. खात्याच्या प्रमुखांनी आपल्या पेटंटांत निम्मा वाटा मागितला, असे फेसेंडेन यांचे म्हणणे होते. त्यांनी थेट राष्ट्राध्यक्षांकडे दाद मागितली आणि १९०२ मध्ये राजीनामा दिला.

पिट्सबर्गचे दोन धनिक, हे वॉकर आणि थॉमस गिव्हन, त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नवी कंपनी स्थापन झाली आणि ब्रँट रॉकचे केंद्र उभारले गेले. तेथील ट्रान्समीटर सुमारे ८० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे अतिशय कमी वारंवारतेवर चाले. अशा लहरीची लांबी पावणेचार किलोमीटर भरते. १२८ मीटरचा मनोरा माणसाला आभाळाला भिडलेला वाटला, तरी लहरीच्या तुलनेत तो जेमतेम तिसावा हिस्सा होता. एवढ्या आखूड एरिअलने प्रवाहाचे लहरींत रूपांतर फार थोडे होते. उरलेली शक्ती वेटोळ्यांच्या तारेत आणि जमिनीत उष्णता होऊन वाया जाते. म्हणून मनोऱ्याच्या माथ्यावर छत्रीसारखा पसारा, पायथ्याशी रोधकांची बैठक आणि एरिअल लहरीशी जुळवण्यासाठी मोठी वेटोळी, असा थाट करावा लागला. महासागरापलीकडचे संदेश रात्री पोहोचत, दिवसा आणि उन्हाळ्यात हरवत. त्याच्याही नोंदी फेसेंडेन यांनी ठेवल्या.

खरी कसोटी होती ती अखंड लहरी निर्माण करणाऱ्या जनित्राची, म्हणजे अल्टरनेटरची. घरातील दिव्यांना सेकंदाला पन्नास-साठ आवर्तनांची वीज पुरते. फेसेंडेन यांना सुमारे हजार पटींनी वेगवान वीज हवी होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १९०३ मध्ये १० किलोहर्ट्झचे यंत्र बनवून दिले. त्यापुढचे काम अर्न्स्ट अलेक्झांडरसन यांच्याकडे आले. शेकडो दाते असलेली चकती सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेणार, तेव्हा कोठे ५० किलोहर्ट्झ साधणार. इतक्या वेगात चकती किंचित जरी डळमळली तरी यंत्र स्वतःचाच चुराडा करून घेईल. लोखंडी गाभ्यात शक्ती वाया जाईल म्हणून गाभा लाकडी असावा, असा फेसेंडेन यांचा हट्ट होता. अलेक्झांडरसन यांना तो मान्य नव्हता, तरी त्यांनी तो पाळला. १९०६ च्या सप्टेंबरच्या सुमारास यंत्र ब्रँट रॉकला पोहोचले, पण अपेक्षित वेग गाठेना. फेसेंडेन यांनी आपल्या कार्यशाळेत ते खोलून त्याची फेरबांधणी केली आणि ५० किलोहर्ट्झच्या पुढे नेले. शक्ती अर्ध्या किलोवॉटच्या आसपास होती.

एक अडचण सुटली की दुसरी उभी राही. चकतीचा वेग शंभरात एकाने घसरला तर वारंवारताही तेवढीच घसरते आणि बारकाईने जुळवलेले एरिअल बेसूर होते. म्हणून वेग स्थिर राखणे भाग होते. आवाज लहरींवर चढवण्यासाठी कर्बकणांचा मायक्रोफोन थेट एरिअलच्या मार्गातच बसवला होता. त्यातून एवढा प्रवाह वाहे की तो तापे. त्याला पाण्याने थंड ठेवावे लागे. अखेर २१ डिसेंबर १९०६ रोजी, मनोरा कोसळल्यानंतर अवघ्या दोन-अडीच आठवड्यांत, जाणकार पाहुण्यांसमोर ब्रँट रॉक ते प्लिमथ या सुमारे १८ किलोमीटर अंतरावर स्वच्छ आवाजात संभाषण झाले. ते साध्या टेलिफोनच्या तारांनाही जोडून दाखवण्यात आले.

त्यानंतर तीनच दिवसांनी, नाताळच्या पूर्वसंध्येला, त्यांनी समुद्रावरील जहाजांसाठी संगीत आणि वाचन प्रक्षेपित केले, अशी कथा जगभर सांगितली जाते. तिचा आधार म्हणजे फेसेंडेन यांनी १९३२ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी लिहिलेले पत्र. जहाजांच्या नोंदवह्यांत तिला दुजोरा मिळालेला नसल्याने इतिहासकारांत मतभेद आहेत. २१ डिसेंबरचे प्रात्यक्षिक मात्र साक्षीदारांसमोर झाले आणि त्यांचे मोठेपण तेवढ्यानेही सिद्ध होते.

यंत्रांचे दोष ओळखणाऱ्या फेसेंडेन यांना भागीदारीतले तडे मात्र सांधता आले नाहीत. स्वभाव तापट, हिशेबाची बोलणी नकोशी आणि आपल्या शोधावर आपलाच हक्क हा आग्रह. कॅनडातील स्वतंत्र कंपनीच्या प्रश्नावरून मतभेद विकोपाला गेले आणि जानेवारी १९११ मध्ये त्यांनाच कंपनीबाहेर काढण्यात आले. त्यांनी दावा लावला. १९१२ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने चार लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली, पण कंपनीच डबघाईला आली आणि पैसा हाती पडला नाही. पेटंटे हस्तांतरित होत मोठ्या कंपन्यांकडे गेली. १९२८ मध्ये तडजोड झाली आणि ५ लाख डॉलर मिळाले, त्यांतले २ लाख वकिलांच्या शुल्कात गेले.

या कज्ज्यांच्या काळातही हात थांबले नव्हते. टायटॅनिक बुडाल्यानंतर त्यांनी पाण्याखाली ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणारे यंत्र विकसित केले. एप्रिल १९१४ मध्ये न्यूफाउंडलंडजवळ मायामी नावाच्या जहाजावरून त्याने सुमारे तीन किलोमीटरवरील हिमनग ओळखला. १९२१ मध्ये रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना आपले सन्मानपदक दिले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हेलन यांच्यासह बर्म्युडात काढली. २२ जुलै १९३२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. हेलन यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९४० मध्ये प्रसिद्ध झाले.

ब्रँट रॉकचा मनोरा १९१७ मध्ये पाडण्यात आला. त्याचा पाया अजून शिल्लक आहे. अलेक्झांडरसन यांनी पुढे लोखंडी गाभ्याची, कितीतरी मोठी अल्टरनेटरे बनवली. स्वीडनमधील ग्रिमेटन केंद्रातील असे एक यंत्र आजही विशेष दिवशी १७.२ किलोहर्ट्झवर संदेश पाठवते. अमेरिकेत २०१७ पासून हौशी रेडिओधारकांना १३६ किलोहर्ट्झच्या आसपासचा पट्टा खुला झाला आहे. त्यासाठी परसदारी ट्रान्समीटर बांधणाऱ्याच्या हाती आता अल्टरनेटरऐवजी ट्रान्झिस्टर असतात, पण सव्वादोन किलोमीटरच्या लहरीपुढे त्याचे एरिअल आखूडच पडते, वेटोळे तापते आणि जमीन शक्ती गिळते. तेव्हा तो मोजणी करतो, सांधे तपासतो आणि पुन्हा जुळवणी करू लागतो. ब्रँट रॉकच्या कार्यशाळेत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच क्रमाने काम चालले होते.