शेतकऱ्यांस गुरू मानणारे सर अल्बर्ट हॉवर्ड

नागपूर व वऱ्हाड या भागांत कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ टाकण्याची रीत फार जुनी आहे. ज्वारीतही तूर किंवा मूग मिसळून पेरतात. असे का करावे, म्हणून विचारले असता वडील माणसे एवढेच सांगत की, कडधान्याने जमीन सुधारते व पुढील पीक चांगले येते. या अनुभवाचे मोल ज्या परदेशी विद्वानाने मोकळ्या मनाने कबूल केले, त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिज येथे विद्या संपादून ते १८९९ मध्ये वेस्ट इंडीज बेटांत पिकांच्या रोगांचा अभ्यास करावयास गेले. तेथे एक गोष्ट त्यांच्या मनास बोचू लागली. शेतकऱ्यांस उपदेश तर करावयाचा, परंतु तो स्वतःच्या शेतात आधी करून पाहण्यास त्यांजपाशी जमीन नव्हती.

१९०५ साली बिहारातील पुसा येथील सरकारी शेतकी संस्थेत त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी मुंबईस त्यांचा विवाह झाला. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्राच्या मोठ्या जाणत्या होत्या, व पुढे पती-पत्नींनी मिळून पुसा गव्हाच्या नामांकित जाती तयार केल्या. येथे हॉवर्ड यांस पंचाहत्तर एकर जमीन मिळाली. आसपासच्या शेतकऱ्यांपाशी ना औषधे होती, ना विकतची खते. तरी त्यांची पिके निरोगी दिसत. तेव्हा या विद्वान गृहस्थाने अभिमान सोडला व याच शेतकऱ्यांस आपले गुरू मानून त्यांची रीत शिकावयाचे ठरविले.

त्यांच्या ध्यानात आले की, हे लोक धान्यांत द्विदल पीक मिसळतात, किंवा एकामागून दुसरे घेतात. युरोपातील पंडितांत मात्र द्विदल पिके जमीन सुपीक करितात की नाही, यावर सुमारे तीस वर्षे वाद चालला होता. १८८६ ते १८८८ या काळात हेलरीगेल व विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी तो मिटविला, आणि बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने मुळांवरील गाठींतील सूक्ष्म जीव वेगळे काढून दाखविले. जे पंडितांस १८८८ साली पटले, ते पूर्वेकडील शेतकरी शतकानुशतके आचरीत आले आहेत, हे हॉवर्ड यांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट नमूद केले.

हा व्यवहार असा आहे. हवेचे शंभरांतील अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन वायू असतो; पण रोपास तो हवेतून घेता येत नाही. तूर, हरभरा, ताग यांच्या मुळांत रायझोबियम नावाचे जिवाणू शिरून गाठी करितात. रोप त्यांस पानांत तयार झालेली साखर देते, व ते हवेतील नायट्रोजन रोपास उपयोगी पडेल अशा रूपात आणून देतात. या देवघेवीत दोघांचाही लाभ होतो.

१९२४ साली होळकरांच्या इंदूर संस्थानात नवी शेतकी संस्था निघाली, व हॉवर्ड तिचे संचालक झाले. तेथील जमीन आपल्याप्रमाणेच काळी, कपाशीची. ताग पेरून तो जमिनीत गाडण्याचा लाभ दर वर्षी सारखा का होत नाही, याचा त्यांनी विचार केला. हिरवा पाला कुजविणे व पीक पोसणे ही दोन कामे एकाच वेळी जमिनीवर लादली तर ती थकते, असे त्यांचे मत झाले. म्हणून यशवंत वाड या सहकाऱ्याच्या साह्याने त्यांनी शेतातील काडीकचरा, ताग व शेण ढिगात कुजविण्याची इंदूर पद्धती सिद्ध केली. १९३० साली त्यांच्या पत्नी निवर्तल्या. पुढल्या वर्षी वाड यांच्या नावासह त्यांनी या पद्धतीचा ग्रंथ प्रसिद्ध केला व ते स्वदेशी परतले. रासायनिक खतांविरुद्ध ते अखेरपर्यंत लिहीत राहिले. त्यांची सर्वच मते शास्त्रज्ञांस मान्य झाली असे नाही. तरी कुजलेल्या खताचे महत्त्व आज सर्वांस पटले आहे. १९४७ साली त्यांचा अंत झाला.

वाचकहो, या चरित्रापासून घेण्याजोगे काम आपल्या बांधापलीकडेच आहे. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी तुरीचे वा सोयाबीनचे एक रोप मातीसह हळूच खणून काढावे व मुळावरील गाठ नखाने फोडावी. आत तांबूस दिसल्यास जिवाणू काम करीत आहेत असे समजावे. गाठी नसल्यास पुढील पेरणीच्या वेळी दहा किलो बियाण्यास अडीचशे ग्रॅम रायझोबियम संवर्धक चोळून बी सावलीत सुकवावे. मात्र हरभऱ्याचे संवर्धक सोयाबीनास चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. शेतात पाणी साचू देऊ नये, कारण मुळांस व जिवाणूंस हवा लागते. शेंगा घरी आणल्या तरी पाला व मुळे शेतास परत द्यावी. सर्वच उचलून नेल्यास जमिनीस फारसे काही उरत नाही.

केंब्रिजचा पदवीधर बिहारच्या अक्षरशून्य शेतकऱ्यापाशी शिकावयास बसला, म्हणून त्याचे नाव राहिले. आपल्या वाडवडिलांच्या तुरीच्या ओळीस अडाणीपणा म्हणण्यापूर्वी आपणही एक रोप उपटून पाहावे.