संगणक-गुन्हा आणि कोवळे वय

संगणकाद्वारे होणाऱ्या गुन्ह्याचे मोजमाप कसे करावयाचे, हा प्रश्न कायद्याइतकाच अर्थशास्त्राचाही आहे. अमेरिकेतील जोनाथन जेम्स या तरुणाच्या अवघ्या चोवीस वर्षांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे त्याचे गांभीर्य ध्यानात येते.

जेम्सचा जन्म डिसेंबर १९८३ मधला. फ्लोरिडा राज्यात मायामी परिसरात तो वाढला. वडील संगणकाचेच काम करीत. साहजिकच यंत्राशी त्याची मैत्री लहानपणीच जडली. १९९९ साली, पंधराव्या वर्षी, त्याने दोन सरकारी संगणकव्यवस्थांत अनधिकृत प्रवेश मिळविला. 'नासा'च्या संगणकांतून त्याने अंतराळस्थानकातील तापमान व आर्द्रता यांच्या नियंत्रणाशी संबंधित आज्ञावलीची प्रत उतरवून घेतली. अण्वस्त्रे, रासायनिक व जैविक अस्त्रे यांच्या धोक्याचा विचार करणाऱ्या संरक्षण खात्याच्या विभागात तर त्याने चोरवाट निर्माण करून कर्मचाऱ्यांचे ३,३०० हून अधिक संदेश हस्तगत केले. अशा कृत्याकडे पोरखेळ म्हणून काणाडोळा करणे कोणत्याही शासनाला शक्य नव्हते.

तथापि नुकसानीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. आज्ञावलीचे मूल्य १७ लाख डॉलर सांगण्यात आले. पण मूळ आज्ञावली 'नासा'पाशीच राहिली होती. संगणक २१ दिवस बंद ठेवून दुरुस्तीसाठी प्रत्यक्ष खर्च आला तो ४१ हजार डॉलर. दोन्ही आकड्यांत सुमारे ४१ पटींचे अंतर आहे. वस्तू चोरीस गेली तर धन्याच्या हातून ती जाते. प्रतीच्या बाबतीत तसे घडत नाही. म्हणूनच किंमत आणि हानी यांची गल्लत न्यायाला परवडणारी नाही.

सप्टेंबर २००० मध्ये जेम्सला शिक्षा झाली. संगणक-गुन्ह्यासाठी बंदिवास भोगणारा तो अमेरिकेतील पहिला अल्पवयीन ठरला. सहा महिने कैद आणि दोन्ही खात्यांना क्षमापत्रे, असे त्या शिक्षेचे स्वरूप होते. तो प्रौढ असता तर ती निश्चितच अधिक कडक झाली असती.

शिक्षेला मुदत होती, संशयाला नव्हती. पुढे टीजेएक्स या व्यापारी कंपनीच्या ग्राहकांच्या कार्डांची माहिती मोठ्या प्रमाणावर चोरीस गेली. आरोपींपैकी काही जण परिचयाचे असल्याने जेम्सच्या घराची झडती झाली. त्याच्यावर आरोप कधीच ठेवला गेला नाही. परंतु आपणास न्याय मिळणार नाही, या धारणेने त्याला ग्रासले आणि मे २००८ मध्ये त्याने जीवन संपविले. या प्रकरणाचा सूत्रधार दुसराच होता. त्याला २०१० साली वीस वर्षांची कैद झाली.

कायद्याने अल्पवयीनास सौम्य वागविले, एवढ्याने समाजाचे कर्तव्य संपत नाही. गुन्ह्याची शिक्षा अवश्य व्हावी. पण ती भोगून झाल्यावर त्या मुलाच्या बुद्धीला प्रामाणिक काम आणि त्याच्या नावाला स्वच्छ पाटी मिळते की नाही, हेही पाहिले पाहिजे. संगणकाच्या दुरुस्तीचा खर्च हिशेबवहीत मांडता येतो. वाया गेलेल्या आयुष्याचा मांडता येत नाही.