सोडविलेल्यांना पाठविणारा देव



निर्गमाच्या पुस्तकातील सुटकेची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. दास्यात कण्हणारी प्रजा, कठीण अंतःकरणाचा फारो, दुभंगलेला तांबडा समुद्र आणि अरण्यात दर सकाळी पडणारा मान्ना ही चित्रे आपल्या मनावर कोरलेली आहेत. परंतु या कथेतील एक गोष्ट सहसा आपल्या नजरेआड होते. इस्राएल प्रजा सुटण्यापूर्वी मोशे स्वतः मिसरातून सुटला होता. मिद्यानात त्याला घर मिळाले, संसार मिळाला, सासऱ्याचे कळप राखण्याचे काम मिळाले. मागे वळून पाहण्याचे त्याला काही कारण उरले नव्हते. जळत्या झुडपातून परमेश्वर बोलला तो त्याला आणखी सुखरूप करण्यासाठी नव्हे, तर ज्या भूमीतून तो पळाला होता तेथेच त्याला परत धाडण्यासाठी.

देवाचे सामर्थ्य मनुष्याला सोडविते आणि सोडविलेल्याला पुन्हा पाठविते. हे सत्य आपल्या मराठी मंडळीने पंडिता रमाबाईंच्या जीवनात पाहिले आहे. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. आज त्यांच्या जीवनाकडे या एका दृष्टीने पाहू या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटाच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. हे स्थळ आज कर्नाटक राज्यात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. पुराणे सांगत, तीर्थाटन करीत हे कुटुंब देशभर फिरत असे. पुढे १८७० च्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य संपले, भांडी विकली गेली, रानातील पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. पिता गेला, माता गेली, मागोमाग थोरली बहीणही गेली. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. शेकडो कोस पायी चालत ती दोघे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीचे ज्ञान पाहून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

वाचकहो, पदवीने दुःख थांबले नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. पण १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा झाल्या आणि कडेवर लहानगी मनोरमा होती. त्या पुण्यास आल्या आणि पुढच्या वर्षी वैद्यकी शिकण्याच्या आशेने इंग्लंडला गेल्या. मात्र कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे ती आशा सोडून द्यावी लागली. मोशेची जीभ जड होती, रमाबाईंचे कान मंद होते. मनुष्याचे उणेपण देवाच्या कार्याला कधी अडसर झालेले नाही.

वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयास असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची त्या भगिनी करीत असलेली सेवा पाहून त्यांचे हृदय द्रवले होते. शोमरोनी स्त्रीशी बोलणारा प्रभू येशू हाच दुर्बळांचा तारणारा आहे, हे त्यांना तेथे उमगले. पुढे त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी लिहिलेले पुस्तक गाजले, व्याख्यानांना गर्दी लोटली, मदतीसाठी मंडळ स्थापन झाले. तेथे त्या मानाने राहू शकल्या असत्या. ते त्यांचे मिद्यान होते.

परंतु त्या परत आल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढे ते पुण्यास हलले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून मोठे वादळ उठले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. जवळचे समजलेले लोक दुरावले. मोशेलाही त्याच्याच लोकांनी विचारले होते की तुला आमच्यावर कोणी नेमले!

खरी कसोटी १८९६ मध्ये आली. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता पसरली आणि रमाबाई तेथे जाण्यास निघाल्या. क्षणभर थांबून विचार करा. ज्या स्त्रीने आपले आईवडील भुकेने झिजताना पाहिले होते, तिला पुन्हा तेच खोल गेलेले डोळे आणि तेच वाळलेले हात पाहावयाचे होते. हेच तिचे मिसर होते. देणगी पाठवून घरी राहणे सोपे होते. पण त्या गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना. तेव्हा पुण्याच्या पूर्वेस रेल्वेमार्गावर असलेल्या केडगाव येथील शेतजमिनीवर त्यांना नेण्यात आले. तेथे जी वसाहत उभी राहिली तिला रमाबाईंनी नाव दिले मुक्ती.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि मुक्तीतील जीवांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्या कोरड्या वर्षी विहिरी सायंकाळपर्यंत तळाला जात. उद्याचे काय, असा प्रश्न रोज उभा राही. आणि सकाळी पुन्हा पाणी आलेले असे, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आढळते. समुद्र दुभंगणे हे एका रात्रीचे सामर्थ्य, तर रोजचा मान्ना हे चाळीस वर्षांचे सामर्थ्य. आपण पहिल्याची वाट पाहतो आणि दुसऱ्याचे उपकार मानण्यास विसरतो. मुक्तीत मुली शेती, विणकाम, स्वयंपाक आणि छपाई शिकल्या. अंध स्त्रिया बोटांनी वाचू लागल्या. सुटका पावलेली स्त्री स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजे, असा रमाबाईंचा आग्रह होता.

आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राच्या भाषांतराला वाहिली. उतारवयाकडे झुकताना इब्री व ग्रीक भाषा त्या नेटाने शिकल्या. खेड्यातील साध्या स्त्रीलाही देवाचे वचन कळावे अशा मराठीत त्यांना ते हवे होते. मुक्तीच्या स्वतःच्या छापखान्यात, सोडविलेल्या स्त्रियांच्या हातांनी, सुटकेच्या या ग्रंथाचे खिळे जुळविले गेले. १९२१ मध्ये मनोरमेचा मृत्यू झाला, तरी हाती घेतलेले काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये विसावल्या. त्यांचे संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रिय वाचका, आता प्रश्न तुझा व माझा आहे. आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबे आज देशभर विखुरली आहेत. कोणी बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहत असेल. ज्या राज्यात रमाबाई जन्मल्या त्याच राज्याची ही राजधानी, आणि तिच्या नव्या वसाहतींपैकी ही एक. नोकरी आहे, घर आहे, मुले चांगल्या शाळेत आहेत. हे सर्व देवाने दिले, यात संशय नाही. पण शेजारी उंच इमारत उभी राहत असते, तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोपटात कोरडवाहू जिल्ह्यांतून पोटासाठी आलेले कुटुंब राहत असते. त्यांची मुले वाळूच्या ढिगावर खेळतात. आपल्यापैकी कितीजणांचे आजे-पणजे अशाच एखाद्या दुष्काळात मिशनच्या दारी आले होते! कोणीतरी त्यांच्यासाठी परत आले म्हणून आपण आज येथे आहोत.

तुझे मिसर कोणते, हे तुला ठाऊक आहे. ज्या दुःखातून देवाने तुला काढले, त्याच दुःखात कोणीतरी अजून आहे. ती भूक असेल, व्यसन असेल, वैधव्य असेल, एकटेपण असेल. तेथे जाण्याची भीती वाटते; मोशेलाही वाटली होती. देवाने त्याची भीती नाकारली नाही. मी तुझ्याबरोबर असेन एवढेच अभिवचन दिले. रमाबाईंना ते पुरले. या आठवड्यात एका दारापर्यंत चालत जाण्यास आपल्यालाही ते पुरेल.

प्रभू आपणांस ते धैर्य देवो.