पॉकेट डायनॅमो : खाशाबा जाधव

ऑलिंपिकच्या पदकांवर हॉस्टेलमध्ये वाद रंगतो तेव्हा गाडी बहुतेक १९९६ च्या लिएंडर पेसपासून सुरू होते. पण त्याच्याही ४४ वर्षं आधी, १९५२ मध्ये, स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारा गडी सातारा जिल्ह्यातला होता. खाशाबा दादासाहेब जाधव, मुक्काम गोळेश्वर, तालुका कराड.

जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. त्यामुळे तालमीची माती घरातच अंगाला लागली. कराडच्या टिळक हायस्कूलमधून पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. अंगापिंडाने लहान, पण चपळाई अशी की समोरच्याला कळायच्या आत डाव बसलेला! म्हणूनच ‘पॉकेट डायनॅमो’. (इलेक्ट्रिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

१९४८ ला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले. तिथे खरी पंचाईत झाली. आपल्या वाशीमकडे जत्रेच्या दंगलीत कुस्ती होते ती मातीत; पाय रुततो, आणि पाठ लागली की निकाल. लंडनला मात्र मॅट! पायाखालचं सगळं गणितच वेगळं, वर वेळेचं बंधन आणि पंचांचे नियम. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी थोडंफार शिकवलं, तेवढ्या शिदोरीवर पठ्ठ्या फ्लायवेट गटात सहावा आला.

पुढची चार वर्षं नुसती मेहनत. वजनगट वाढवून ते ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये आले. हेलसिंकीसाठी निवड झाली, पण तिकिटाच्या पैशांचं काय? गावकऱ्यांनी, कराडच्या दुकानदारांनी वर्गणी काढली, तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. पोराने कॉलेज सोडलंय की नाही, पदक येणार की नाही, असला हिशोब या माणसाने केला नाही. खाशाबांचं नाव निदान ऐकलेलं असतं, खर्डेकर सरांचं किती जणांना ठाऊक आहे?

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल खाशाबांनी मागे टाकले. मग जपानच्या शोहाची इशीईशी झुंज झाली. ती लांबली आणि खाशाबा हरले. दम खायलाही वेळ न देता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवपुढे उभं करण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता म्हणतात, पण तो पंचांना दाखवायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता! थकलेल्या अंगाने ते ही कुस्तीही हरले. इशीईला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. अर्ध्या तासाने पदकाचा रंग बदलला असता का, यावर मेसमध्ये खुशाल भांडा.

कराडला मिरवणूक निघाली ती १५१ बैलगाड्यांची. पण खाशाबांच्या डोक्यात सरांचं घर होतं. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचा फड भरवला, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून ते गहाण सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. पदकवीर म्हणून बढत्या धडाधड मिळाल्या असतील असं वाटेल, तसं काही झालं नाही. असिस्टंट कमिशनर हे पद मिळालं ते नोकरीच्या अगदी शेवटी. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.

अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, पण जाऊन १६ वर्षं उलटल्यावर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. तिथे कुस्त्या झाल्या त्या अर्थातच मॅटवर.